रात्री दोनच्या पाहुण्यांसाठी: त्रिनिदादमधला नाताळ

त्रिनिदाद या कॅरिबियन बेटावर नाताळ सप्टेंबरातच कानावर पडायला लागतो. बाहेर पाऊस कोसळत असतो, जिवाची काहिली चालू असते, आणि शेअर टॅक्सीच्या रेडिओवर परांगची, म्हणजे नाताळात घरोघर फिरून म्हणायची स्पॅनिश गाणी सुरू झालेली असतात. ती ऐकू आली की घरोघरच्या बायका ओट्याखालच्या बरण्या पुढे ओढतात, झाकण उघडून वास घेतात आणि परत बंद करतात. त्या बरण्यांत काय असतं आणि डिसेंबरपर्यंत त्याचं काय काय होतं, ते मला आमच्या घरमालकिणीने शिकवलं.

पोर्ट ऑफ स्पेनच्या पूर्वेला अरूका नावाचं गाव आहे. तिथे आम्ही वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो आणि घरमालकीण खाली. वयाने सत्तरीच्या पुढची. सगळी गल्ली तिला टँटी म्हणायची, मग आम्हीही तेच म्हणायला लागलो. अरूकाहून एक रस्ता वर डोंगरात लोपिनोच्या खोऱ्यात जातो. टँटीचं माहेर तिथलं. एकोणिसाव्या शतकात व्हेनेझुएलातून कोकोच्या मळ्यांवर कामाला आलेल्या लोकांना इथे ‘कोको पॅन्योल’ म्हणतात, टँटी त्यांच्यातली. व्हेनेझुएला इथून इतकं जवळ आहे की सर्वांत अरुंद जागी मधलं समुद्राचं अंतर जेमतेम ११ किलोमीटर भरतं. बेटावर राज्य आधी स्पेनचं, १७९७ पासून इंग्रजांचं, आणि मधल्या काळात मळे घेऊन बसलेले फ्रेंच. नाताळाच्या ताटात हे सगळे एकत्र भेटतात.

शिकायला येऊ का, असं मी विचारलं तेव्हा टँटी म्हणाली, “डूडू, नुसतं बघायचं असेल तर टीव्ही लाव. हात रिकामे असतील तर ये.” (डूडू म्हणजे बाळा, राणी, असं काहीतरी. बाजारातली भाजीवालीही गिऱ्हाइकाला डूडूच म्हणते.)

पहिलं काम बरणीचं. मनुका, काळे बेदाणे, वाळवलेले प्रून, चेरी आणि संत्र्या-लिंबाच्या पाकवलेल्या साली, असा सगळा मेवा टँटीने जानेवारीतच रम आणि चेरी ब्रँडीत बुडवून ठेवला होता. आठ-नऊ महिन्यांत त्याचा रंग इतका एकजीव होतो की कोणतं फळ कुठलं ते कळत नाही. मग तो वाटायचा. टँटीकडे टेबलाच्या कडेला स्क्रूने आवळायचं लोखंडी यंत्र होतं, वर मेवा टाकायचा आणि दांडा फिरवायचा. खालून काळा चिकट लगदा पडतो. रमचा वास आधी नाकाला झोंबतो, मग सवय होते, मग वाटणाऱ्याची बडबड वाढते. अगदी गुळगुळीत वाटायचं नाही. दाताखाली मधूनच काहीतरी लागलं पाहिजे, नाहीतर टँटीच्या मते तो केक नव्हे, लापशी.

हा ‘ब्लॅक केक’ म्हणजे इंग्रजांच्या प्लम पुडिंगचा इथे वाढलेला वंशज. जमैका, बार्बाडोस, गयाना, सगळीकडे तो आहे. नाताळाला असतो, लग्नातही असतो. माझा समज असा होता की रम ही चैन आहे. पण दमट हवेत पाव दोन दिवसांत बुरसतो अशा मुलखात केक बाहेर ठेवून महिनाभर टिकवायचा असेल तर रमइतका भरवशाचा राखणदार दुसरा नाही. चव नंतरची.

वाटून झालेला लगदा परत बरणीत जातो आणि डिसेंबरच्या सुरुवातीला केकचा दिवस येतो. त्या दिवशीचं सर्वांत महत्त्वाचं आणि धोक्याचं काम म्हणजे ‘ब्राउनिंग’, म्हणजे जाळलेली साखर. हे टँटी घरात करत नाही. अंगणात चुलीवर जाड बुडाचं लोखंडी भांडं ठेवून त्यात ब्राऊन साखर कोरडीच टाकते. साखर आधी कडेने विरघळते, मग सोनेरी होते. आपला हात इथेच गॅसकडे जातो, कारण आपल्याला पाक इथवरच माहीत असतो. टँटीने माझं मनगट धरून ठेवलं. सोनेरीचा तांबडा, तांबड्याचा तपकिरी, मग वर फेस येतो, फेसातून निळसर धूर निघतो आणि गोड वास जाऊन कडवट वास सुटतो. “पिच लेकचा रंग येऊ दे,” टँटी म्हणाली. दक्षिण त्रिनिदादमध्ये ला ब्रेआला डांबराचं नैसर्गिक तळं आहे, तो रंग. तो आला की उकळतं पाणी बाजूला उभं राहून, लांब दांड्याच्या डावाने, थोडंथोडं. पहिल्या डावाला भांडं असं काही फुत्कारतं की शेजारचं कुत्रं उठून गेलं. गार झाल्यावर बोट लावून चाखलं तर गोडी जवळजवळ संपलेली असते, उरतो तो रंग आणि मागे रेंगाळणारा कडूपणा. त्याच कडूपणामुळे एवढा मेवा आणि साखर असूनही केक गोडमिट्ट लागत नाही.

गंमत अशी की ज्या साखरेसाठी हे बेट पिळून निघालं, आधी आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम आणि मग भारतातून कराराने आणलेले मजूर, म्हणजे गिरमिटिये, ती साखर आता बाहेरून येते. सरकारी मालकीची कॅरोनी कंपनी २००३ मध्ये बंद झाली आणि उसाची मोठी शेतं मोडली. टँटीच्या भांड्यातली साखर शेजारच्या देशातली होती.

बाकीचा केक पौंडाच्या हिशेबाने. लोणी एक पौंड, साखर एक पौंड, मैदा एक पौंड, अंडी डझनभर. लोणी-साखर लाकडी चमच्याने फेटायची, साखरेची करकर पूर्ण थांबेपर्यंत. अंड्यांत हिरव्या लिंबाची साल किसून घालायची, म्हणजे हिवस वास जातो. या वासाचं त्रिनिदादच्या बायकांना भारी वावडं. मांस, मासे, कोंबडी, सगळं आधी लिंबाने धुऊन घेतात. मग मेव्याचा लगदा, मैदा, दालचिनी आणि शेवटी ते काळं पाणी. मिश्रणात चमचा उभा राहिला तर घट्टपणा बरोबर. मंद आचेवर दोन-अडीच तास भाजायचा, आणि भट्टीतून काढल्या काढल्या, गरम असतानाच वरून परत रम ओतायची. चर्रर्र आवाज होतो. मग कापडात गुंडाळून ठेवायचा आणि अधूनमधून एकेक झाकण रम पाजत राहायची.

बाजारचं काम मला जास्त रमवून गेलं, कारण तिथे मी पाहुणी नव्हते. नोव्हेंबरच्या अखेरीस ट्युनापुनाच्या बाजारात गेलो तर सगळ्या फळ्यांवर लालभडक ढीग. इथे त्याला सॉरेल म्हणतात. मी यवतमाळची, ती अंबाडीची बोंडं आहेत हे मला लांबूनच कळलं. आपल्याकडे पानांची भाजी भाकरीबरोबर आधी आठवते, बोंडांची चटणी किंवा सरबत नंतर. कॅरिबियनमध्ये पानांना फारसं कोणी विचारत नाही, सगळा मान बोंडांचा. आणि त्या ढिगाशेजारी? हिरव्या तुरीच्या शेंगा! त्यांना इथे ‘पिजन पीज’ म्हणतात. अंबाडी आणि तूर दोन्ही एकाच सुमारास तयार होतात म्हणून दोन्ही नाताळाच्या. तूर मुळात आपल्याकडची, पण इथे ती गिरमिटियांच्या गाठोड्यातून आलेली नाही. त्याच्या कितीतरी आधी ती आफ्रिकेत पोचली होती आणि तिथून गुलामांच्या जहाजांबरोबर इकडे आली. बार्बाडोसमध्ये तर हिरवी तूर, खारवलेलं मांस आणि ज्वारी एकत्र शिजवून घोटतात, त्याला ‘जग-जग’ म्हणतात आणि ते खास नाताळाचंच. ज्वारी आणि तूर! हे ऐकून मी आईला फोन केला. तिने एवढंच विचारलं की फोडणी कशाची देतात.

सॉरेलचं सरबत करायला सोपं, बोंडं सोलायला किचकट. प्रत्येक बोंडाच्या आत हिरवी बी असते. देठाकडून सुरीने गोल चीर द्यायची आणि बी खालून ढकलायची. लाल पाकळ्या अखंड राहिल्या पाहिजेत. बोंडांवर बारीक लव असते, ती बोटांना खुपते आणि नखं लाल होतात. व्हरांड्यात टँटी, तिची बहीण आणि मी बसलो होतो. मांडीवर परात, पायाशी बादली, आणि गल्लीतल्या प्रत्येक घराची हजेरी तोंडी चालू. मग पाण्यात लवंग, दालचिनी आणि संत्र्याची साल घालून उकळी आणायची, त्यात बोंडं टाकून आच बंद करायची आणि रात्रभर झाकून ठेवायचं. जमैकावाले यात भरपूर आलं घालतात. टँटीला ते मान्य नाही: “आल्याला वेगळी बाटली आहे.” ती वेगळी बाटली म्हणजे जिंजर बिअर. किसलेलं आलं, साखर, लिंबू, लवंग काचेच्या बरणीत घालून काही दिवस उन्हात ठेवायचं. तिला नावापुरतं बिअर म्हणायचं, घशाला मात्र चांगलीच लागते.

पोंच-अ-क्रेम या पेयाबद्दल माझं मत टँटीला अजून माहीत नाही. अंडी फेटून त्यात कंडेन्स्ड मिल्क, आटवलेलं दूध, जायफळ आणि रम. अंडी कच्चीच. जायफळ शेजारच्या ग्रेनाडाचं, त्यांच्या तर राष्ट्रध्वजावरच जायफळ आहे. शेवटी अँगोस्टुरा बिटर्स या कडू अर्काचे चार थेंब. बाटलीपेक्षा मोठ्या कागदी लेबलची ती छोटी बाटली जगभरच्या बारमध्ये असते, पण ती इथली. योहान सीगर्ट नावाच्या जर्मन डॉक्टरने १८२४ मध्ये व्हेनेझुएलातल्या अँगोस्टुरा गावात पोटाच्या तक्रारींवर औषध म्हणून ती बनवली आणि पुढे त्याच्या मुलांनी धंदा पोर्ट ऑफ स्पेनला आणला. पोंचची चव गोड, दाट, घोटभर बरी. काही हिंदू घरांत अंड्याऐवजी शिजवलेला लाल भोपळा घालून करतात. मला विचाराल तर तोच उजवा.

आता पास्तेय, म्हणजे केळीच्या पानात बांधून उकडलेली, सारण भरलेली मक्याच्या पिठाची पुडी. केक एकटीने होतो, सरबत तिघींत होतं, पण पास्तेयला माणसं लागतात. डिसेंबरच्या एका शनिवारी टँटीच्या मागच्या अंगणात सकाळपासून लोक जमायला लागले. पुरुषांकडे पानांचं काम. केळीची पानं मधली शीर काढून वीतभर रुंद कापायची आणि आचेवरून सरकवायची. पान ज्वाळेवरून जातं तसा त्याचा फिका पोपटी रंग गडद होत पुढे पळतो आणि पान तुकतुकीत, मऊ होतं. नीट शेकलेलं पान घडी घातली तरी चिरत नाही. पुरुषांच्या हातचं निम्मं पान वाया जातं असं टँटीच्या बहिणीचं म्हणणं, ते त्यांच्या देखतच.

सारण आदल्या दिवशीच तयार. मूळचं गाईचं किंवा डुकराचं मांस, आमच्यासाठी कोंबडीचा खिमा. त्याला इथलं ‘हिरवं वाटण’: लसूण, ओव्याच्या वासाचं थाइम, कांद्याची पात, बिनतिखट मिरची आणि शॅडो बेनी. शॅडो बेनी म्हणजे लांब दातेरी पानांची, कोथिंबिरीच्या वासाची पण चौपट उग्र अशी पानं; हिंदू घरांत त्यालाच ‘बंधनिया’ म्हणतात. ही सगळी हिरवाई बहुतेक पारामिनच्या डोंगरउतारांवरून येते. त्या खिम्यात मनुका, ऑलिव्ह आणि केपर नावाच्या खारवलेल्या आंबट कळ्या. गोड, खारट, आंबट, सगळं एका घासात. पहिल्यांदा ऐकताना विचित्र वाटतं, खाताना वाटत नाही.

मग ओळ लागली. एकीने मक्याच्या पिठाच्या उकडीचे लिंबाएवढे गोळे करायचे. दुसरीने पानाला तेल लावायचं. तिसरीने दोन फळ्यांच्या लाकडी दाबयंत्रात पान आणि गोळा ठेवून दांडा दाबायचा, की पातळ चकती तयार. चौथीने सारण घालायचं, पाचवीने पानासकट दुमडून चौकोनी पुडी करायची, सहावीने दोऱ्याने बांधायची. मला दोऱ्यावर बसवलं, बहुधा सर्वांत कमी धोक्याची जागा म्हणून. एकदा उभा, एकदा आडवा, वर सुरगाठ. ज्या पुडीत मिरची जास्त तिला लाल दोरा. पुड्या उकळत्या पाण्यात वीसेक मिनिटं, मग निथळायच्या आणि गार झाल्या की फ्रीजरमध्ये. दुपारपर्यंत फ्रीजरचे दोन कप्पे भरले, तरी टँटी “एवढंच?” म्हणाली. उरलेल्या उकडीत खोबरं, लाल भोपळा, साखर आणि मनुका घालून गोड पुड्या केल्या, त्यांना पेमी म्हणतात. पान सोडल्यावर जी वाफ आली ती सरळ पातोळ्यांची. हळदीचं पान तेवढं नव्हतं.

शेजारच्या घरात आजी होती. इथले भारतीय वंशाचे लोक वडिलांच्या आईला आजीच म्हणतात. त्यांचे पूर्वज कलकत्त्याच्या बंदरातून आलेले, बहुतेक भोजपुरी मुलखातले. ३० मे १८४५ रोजी ‘फातेल रझाक’ हे पहिलं जहाज सव्वादोनशे माणसं घेऊन इथे लागलं, आणि १९१७ पर्यंत अशी जहाजं येतच राहिली. आज देशाची एक तृतीयांशाहून जास्त लोकसंख्या भारतीय वंशाची आहे. दिवाळीची सुट्टी तर आहेच, ३० मेचीही आहे. आजीकडे दिवाळीला घर घासूनपुसून झालेलं असतं, तरी डिसेंबरमध्ये परत सगळं खाली निघतं. या कामाला इथे ‘घर लावणं’ म्हणतात: भिंतींना रंग, जमिनीला नवं लिनोलियम, सोफ्याला पॉलिश आणि नवे पडदे. पडदे मात्र २४ तारखेच्या रात्रीच चढवायचे. मी आजीला विचारलं, तुम्ही हिंदू, मग हे कशाला? तिने माझ्याकडे जरा दयेने पाहिलं. “बेटी, पाहुणे काय धर्म बघून येतात?” तिच्याकडे त्या दिवशी डाळपुरी, कोंबडीची करी, सॉरेल आणि मसूरडाळीचं सारण भरलेलं पास्तेय. ब्लॅक केकही होता, मेवा दारूऐवजी द्राक्षाच्या रसात शिजवलेला. मुसलमान घरांत आणि काही कडक ख्रिस्ती पंथांतही असाच करतात. चव छान, पण तो आठवड्यात संपवावा लागतो. तिथे मला टँटीच्या बरणीचा अर्थ पुरता लागला.

कारण यादी करून बघा. रममधला केक, लवंगेचं सॉरेल, मीठ मुरवलेला हॅम, पानातलं पास्तेय, बाटलीबंद पोंच. नाताळाचा एकही पदार्थ असा नाही की जो ऐनवेळी करावा लागतो. सगळे आधी करून ठेवायचे आणि सगळे वाट बघत राहू शकणारे. इथे पाहुणे कळवून येत नाहीत, आणि ते आले की चूल पेटवायला उठणाऱ्या घराची गल्लीत लाज निघते.

याच जातीचा आणखी एक पदार्थ नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका पोर्तुगीज वंशाच्या सहकाऱ्याच्या घरात बघायला मिळाला: ‘गार्लिक पोर्क’. मादेइरा बेटावरून १८४६ मध्ये पोर्तुगीज मजूर त्रिनिदादला यायला लागले, गयानाला त्याच्याही आधी. त्यांनी हे आणलं. डुकराच्या मांसाचे तुकडे व्हिनेगर, भरपूर लसूण आणि थाइममध्ये काही दिवस मुरवायचे आणि नाताळाच्या सकाळी तळायचे. गोव्याचं विंदालू याच पोर्तुगीज पदार्थाची दुसरी शाखा. गोव्यात त्यात लाल मिरची आणि मसाले शिरले, इकडे ते मूळ रूपाच्या जवळ राहिलं. मी डुकराचं मांस खात नाही, पण बरणी उघडल्यावर आलेला व्हिनेगर-लसणीचा वास मडगावच्या कुठल्याही स्वयंपाकघरात खपून गेला असता. नवऱ्याने दोनदा घेतलं.

हॅमचं सगळं मी लांबून पाहिलं. टँटीच्या लहानपणी तो डांबर फासलेल्या कापडात यायचा आणि रॉकेलच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात अंगणात तास न् तास उकळायचा. आता साल काढून, वर चौकटी चिरून, प्रत्येक चौकटीत एक लवंग टोचून भाजतात. २५ च्या सकाळी तो गरम पावात घालून मोहरीच्या लोणच्याबरोबर खायचा. बरोबर कोको-टी: घरच्या कोकोचा गोळा किसून दालचिनी, तमालपत्र आणि जायफळाबरोबर उकळलेला. वर तुपासारखा तवंग येतो. तो कपभर प्यायला की दुपारपर्यंत भूक नाही.

आणि परांग. त्या मोसमात परांदेरोंच्या टोळ्या रात्री घरोघर फिरतात. आमच्याकडे आले तेव्हा दोन वाजून गेले होते. फाटकाशी आधी क्वात्रोची, म्हणजे चार तारांच्या छोट्या गिटारची, खणखण सुरू झाली. मग शॅक-शॅक, म्हणजे बिया घातलेले खुळखुळे, आणि एका लाकडी खोक्याला काठी आणि तार लावून केलेला बॉक्स बेस. घरात दिवे बंद. ते बाहेरून गातात की आम्ही आलोय, दार उघडा. टँटी अंधारात उभी राहून ऐकत होती, आवाज कोणाकोणाचे आहेत ते ओळखत. दार उघडल्यावर माणसं आत आली, पण खुर्चीवर कोणी बसेना. आधी मेरीला देवदूताने दिलेला निरोप, मग येशूचा जन्म, ही गाणी उभ्यानेच. मगच रमचा पहिला ग्लास. त्यानंतर गाणी खट्याळ होत जातात आणि फ्रीजर रिकामा होत जातो. निघताना निरोपाचं वेगळं गाणं असतं, त्यात घरमालकिणीचं नाव गुंफतात. गाणाऱ्यांपैकी बहुतेकांना स्पॅनिश बोलता येत नाही, ओळी ऐकून पाठ केलेल्या. टँटीला थोडी येते. एका तरुणाने ओळ चुकवली तर तिने गाणं चालू असतानाच दुरुस्त केली.

तिच्या भिंतीवर डेझी वॉयसिनचा फोटो होता, केसांत फूल माळलेला. ही परांगची राणी (१९२४–१९९१). तिच्या वाद्यवृंदाचं नाव ‘ला दिव्हिना पास्तोरा’. ला दिव्हिना पास्तोरा म्हणजे दक्षिणेकडच्या सिपारिया गावातल्या चर्चमधली मेरीची काळसर मूर्ती. तिलाच हिंदू ‘सिपारी माई’ म्हणतात आणि ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी-शुक्रवारी तांदूळ, तेल, दागिने घेऊन तिच्या पायाशी जातात. आजीने तिच्या नातवाचं जावळ तिथेच काढलं होतं.

६ जानेवारीला, तीन राजांच्या दिवशी, परांग थांबतो. दुसऱ्या दिवसापासून त्याच रेडिओवर कार्निव्हलची सोका गाणी, आणि टँटीच्या ओट्याखाली पुढच्या वर्षाचा मेवा रममध्ये.

भारतात ब्लॅक केकच्या भानगडीत मी पडत नाही, पण सॉरेल दर हिवाळ्यात करते. विदर्भात नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ताजी लाल बोंडं मिळतात. पुण्या-मुंबईत वाळवलेली शोधावी लागतात. सोललेली ताजी बोंडं अर्धा किलो, पाणी अडीच लिटर, सात-आठ लवंगा, दालचिनीचे दोन तुकडे, एका संत्र्याची साल. वाळवलेली असतील तर तेवढ्याच पाण्याला साठेक ग्रॅम पुरतात. पातेलं स्टीलचं घ्या, अ‍ॅल्युमिनियमचं नको, आंबटपणा धातूला लागतो. रात्रभर मुरवून सकाळी गाळा, साखर गाळल्यानंतर घाला आणि फ्रीजमध्ये ठेवा. दोन दिवसांनी पहिल्यापेक्षा चांगलं लागतं. गूळ नको. गुळाने रंग मळतो आणि लवंग दबते.